छोट्या कॅन्टनीज खानावळीत जेवायला बसताना

हाँगकाँगमधलं शाम शुई पो असो की ग्वांगझौचा जुना शीग्वान भाग, छोटी कॅन्टनीज (म्हणजे दक्षिण चीनच्या या भागातली) खानावळ दुरूनच ओळखू येते. दर्शनी काचेमागे आकड्यांना टांगलेली तपकिरी गूज (बदकाचा थोरला भाऊ म्हणा), वाफेने धुरकटलेल्या काचा, आत दहा-बारा टेबलं आणि भिंतीवर हाताने लिहिलेले रंगीत कागद. नवखी मंडळी आत शिरतात, त्यांना इंग्रजी मेन्यूकार्ड मिळतं, आणि चौघं चार प्लेटी सांगतात: फ्राइड राइस, स्वीट अँड सॉर पोर्क, नूडल्स, पुन्हा एक फ्राइड राइस. जेवण वाईट नसतं. पण ज्या पदार्थांसाठी बाहेर रांग लागलेली असते, त्यांतला एकही त्यांच्या टेबलावर आलेला नसतो.

कॅन्टनीज जेवण टेबलाचं असतं, माणशी प्लेटीचं नसतं. पदार्थ मधोमध येतात, सगळे त्यातून थोडं थोडं घेतात. आणि प्रत्येक पदार्थाला स्वतःचं घड्याळ असतं. भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी चार तासांत मऊ पडते, वाफवलेला मासा पाच मिनिटांत कडक होतो, सूप रात्री आठपर्यंत संपतं. हे घड्याळ कळलं की मेन्यू वाचता आला नाही तरी चालतं.

कधी जायचं

डिमसम (छोट्या टोपल्यांतून येणारे, बहुतेक वाफवलेले छोटे पदार्थ) खायचं असेल तर सकाळी किंवा दुपारी. चहासोबत डिमसम खाण्याला ‘यम छा’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘चहा पिणं’. बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या सुमारास ते आटोपतं. रविवारी अकरा ते एक या वेळात आजी-आजोबांसकट अख्खी कुटुंबं येतात, तेव्हा टेबलाची आशा धरू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊ ही उत्तम वेळ. हाँगकाँगमध्ये दुपारी दोननंतर बऱ्याच जागी डिमसमचे दर उतरतात, पण तोवर लोकप्रिय पदार्थ संपलेले असू शकतात.

भाजलेल्या मांसाला ‘सिउ मेइ’ म्हणतात. (डिमसममधला ‘सिउ माइ’ म्हणजे सारण भरलेलं डंपलिंग, ते वेगळं. एका स्वराच्या फरकाने डंपलिंगऐवजी बदक समोर येतं.) सिउ मेइ दुपारच्या जेवणाआधी, साडेअकरा-बाराला सर्वांत ताजं असतं. बरीच दुकानं संध्याकाळसाठी दुसरी खेप भाजतात, तीही पाचच्या आसपास गाठावी. रात्री साडेआठला उरलेली गूज दुपारपासून लटकत असण्याचीच शक्यता जास्त.

रात्रीच्या जेवणाला चार ते सहा जण असणं सोयीचं. दोघंच असाल तर दुपारी जा आणि डिमसम किंवा भातावर भाजलेलं मांस घ्या. दोघांत अख्खा मासा, कोंबडी आणि भाजी संपत नाही, आणि एकेकच पदार्थ घेतला तर या जेवणाची गंमत कळत नाही.

दारात ‘गेइ वइ?’ असं कानावर पडेल. म्हणजे ‘किती जण?’ बोटं दाखवली की काम झालं. सहा दाखवताना अंगठा आणि करंगळी बाहेर, मधली तीन बोटं मिटलेली. गर्दीत अनोळखी लोकांसोबत एकाच टेबलावर बसवतात, त्याला ‘दाप थोइ’ म्हणतात. त्यात अपमान काही नाही. मान डोलवायची, आपल्या बाजूला बसायचं आणि शेजाऱ्यांच्या पुढ्यात काय आलंय ते बघायचं. चोरून बघण्याचीही गरज नाही. त्या पदार्थाकडे बोट दाखवून वेटरला ‘तेच’ म्हणणं इथं रीतसर समजलं जातं.

चहा आधी

बसताक्षणी पहिला प्रश्न चहाचा. मेन्यू नंतर. उत्तर तयार ठेवा, नाहीतर वेटर आपल्या मर्जीने काहीतरी आणून ठेवेल.

‘बो लेइ’ म्हणजे पु-अर: काळपट, मातकट वासाचा, तेलकट खाण्यासोबत सर्वांत जुळणारा. मोगऱ्याचा वास हवा तर ‘हेउंग पिन’. ‘थित गुन यम’ हा ऊलाँग, थोडा तुरट. ‘सउ मेइ’ हलका पांढरा चहा. ‘गुक बो’ म्हणजे बो लेइत शेवंतीची सुकी फुलं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डोळे मिटून हाच सांगावा. बो लेइचा मातीचा वास काहींना खटकतो, शेवंती तो सौम्य करते. दूध-साखर मागू नका, हा तो चहा नव्हे.

बऱ्याच ठिकाणी दोन किटल्या येतात: एक चहाची, दुसरी नुसत्या गरम पाण्याची. चहा कडक झाला की त्यात पाणी वाढवायचं. किटली रिकामी झाली की हाका मारायच्या नाहीत. झाकण उचलून तिरकं, अर्धवट उघडं ठेवायचं. येता-जाता वेटर भरून नेतो. झाकण नीट बसवून ठेवलंत तर अर्धा तास कोणी फिरकणार नाही.

पहिला चहा प्यायचा नसतो. टेबलावर मोठा वाडगा असतो, त्यात भांडी विसळतात. क्रम असा: हा पहिला चहा किंवा गरम पाणी आपल्या वाटीत ओतायचं, त्यात चॉपस्टिक्सची टोकं आणि चमचा फिरवायचा, पेला आडवा धरून त्या पाण्यात गोल फिरवायचा, मग सगळं पाणी मधल्या मोठ्या वाडग्यात. या धुण्याने जंतू मरतात असं मानू नका, पण धूळ जाते आणि भांडी गरम होतात. ही सवय आहे, ती तुम्ही पाळली नाहीत तरी कोणी काही म्हणत नाही. त्या वाडग्यातलं पाणी सूप समजून प्यायल्याचे प्रसंग मात्र घडतात, तेव्हा सावध.

चहा ओतताना आधी इतरांना, वडीलधाऱ्यांना सर्वांत आधी, स्वतःला शेवटी. कोणी तुमच्या पेल्यात ओतलं की तर्जनी आणि मधलं बोट टेबलावर दोन-तीनदा हलकेच टेकवायचं. हा न बोलता दिलेला धन्यवाद. वेश बदलून फिरणाऱ्या चियेनलुंग बादशहाने नोकराला चहा ओतला, नोकराला गुडघे टेकता येईनात म्हणून त्याने बोटं टेकवली, अशी त्यामागची दंतकथा. खरीखोटी असो, तोंडात घास असताना ही खूण फार कामाची आहे.

डिमसम: कागद, शिक्का आणि पाच मिनिटं

टेबलांमधून डिमसम फिरवणाऱ्या ढकलगाड्या आता थोड्या ठिकाणी उरल्यात. बहुतेक ठिकाणी छापील कागद आणि पेन्सिल मिळते, हव्या त्या पदार्थापुढे आकडा किंवा खूण करायची. पदार्थ छोटे, मध्यम, मोठे, विशेष अशा दरांच्या गटांत असतात. आकाराशी या नावांचा संबंध नाही, फक्त किमतीशी आहे. गाडी असेल तर टेबलावरच्या कार्डावर शिक्का मारतात. ते कार्ड सांभाळा, बिल त्यावरूनच होतं.

माणशी तीन टोपल्या पुरतात. सगळ्या एकदम सांगू नका. चौघं असाल तर आधी पाच-सहा, त्या संपत आल्या की उरलेल्या. कागद दुसऱ्यांदा मागायला लाज नाही. एकदम बारा टोपल्या आल्या तर चौथीला हात लागेपर्यंत बाकीच्या थंड होतात, आणि थंड डिमसम हा वेगळाच, निकृष्ट पदार्थ असतो.

‘हा गाउ’ या कोळंबीच्या डंपलिंगवरून भटारखान्याची परीक्षा होते, म्हणून तो नीट बघा. त्याचं आवरण ग्लूटेन काढलेल्या गव्हाच्या स्टार्चचं, उकळतं पाणी घालून मळलेलं. वाफवल्यावर ते अर्धपारदर्शक होतं आणि आतली गुलाबी कोळंबी दिसू लागते. चुण्या निदान सात हव्यात, चांगला कारागीर दहाच्या वर घालतो. उचलताना चॉपस्टिक्स टोचायच्या नाहीत. पोटाखालून अलगद उचलायचं. आवरण तळाच्या कागदाला चिकटून फाटलं तर तो जास्त वाफवलाय किंवा वाट बघत पडून होता. दाताखाली कोळंबी करकरीत लागली पाहिजे. त्यासाठी ती स्टार्च आणि मिठाने चोळून थंड वाहत्या पाण्यात धुतलेली असते. लगद्यासारखी लागली तर त्या दिवशी कोळंबीचे इतर पदार्थ टाळा.

बाकीच्यांत ‘सिउ माइ’ (डुक्कर आणि कोळंबी, वरून उघडा), ‘छा सिउ बाउ’ (वरून फुटून फुललेला पांढरा पाव, आत गोडसर भाजकं डुक्कर), ‘छेउंग फन’ (तांदळाच्या पातळ वाफवलेल्या पोळीच्या गुंडाळ्या), ‘पाइ ग्वात’ (काळ्या सोयाबीनसोबत वाफवलेल्या बरगड्या) आणि ‘लो मइ गइ’ (कमळाच्या पानात चिकट भात आणि कोंबडी). शेवटचा भारी असतो, चौघांत एक पुरे. पान खायचं नाही, उलगडून बाजूला ठेवायचं.

कोंबडीचे पाय, ‘फुंग जाउ’, धाडस करणाऱ्यांसाठी नाहीत; ते रोजचं खाणं आहे. आधी तळतात, मग पाण्यात भिजवून कातडी फुगवतात, मग मसाल्यात शिजवून पुन्हा वाफवतात. एकेक पेर तोंडात घ्यायचं, मऊ कातडी चोखून घ्यायची, हाडं ओठांनी काढून ताटलीच्या कडेला. हाताने धरून चावायला गेलात तर लवकर कंटाळाल.

सॉसबद्दल थोडं कडक बोलायला हवं. हा गाउ आणि सिउ माइ सोया सॉसमध्ये बुडवले की सगळे एकाच चवीचे लागतात. तिखटाचा थेंब ठीक. वाफवलेल्या बीफच्या गोळ्यांसोबत येणारा काळा, आंबट द्रव सोया नसून वूस्टर सॉस असतो. ही इंग्रजी काळातली देणगी तिथं आता पक्की रुजलीय. छेउंग फनवरचं गोडसर सोया वेटरच ओततो किंवा शेजारी ठेवतो.

रात्रीचं जेवण कसं जुळवायचं

सोपा हिशेब: जितकी माणसं तितके पदार्थ, शिवाय सूप आणि भात. पण खरी मेख पदार्थांच्या निवडीत आहे. प्रत्येक पदार्थ वेगळ्या पद्धतीने शिजलेला हवा: एक भाजलेला, एक वाफवलेला, एक कढईतला, एक पालेभाजी. दोन तळलेले किंवा काळ्या सोयाबीनचे दोन मागवलेत तर तिसऱ्या घासाला जीभ थकते. चौघांसाठी एक चालणारी जुळणी अशी: दिवसाचं सूप, सिउ मेइची एक ताटली, वाफवलेला मासा, कोरडं परतलेलं बीफ आणि रुंद तांदळी नूडल्स किंवा मातीच्या भांड्यातलं काहीतरी, आणि लसूण घातलेली भाजी. माणशी पांढरा भात. पाहुण्यांना बोलावलं असेल तर मोजून सात पदार्थ ठेवू नका. सात पदार्थांचं जेवण अंत्यविधीनंतरचं असतं.

सूपाला ‘लइ थोंग’, म्हणजे आजचं सूप. हाडं, कंदमुळं, सुकी लाल बोरं यांसारख्या गोष्टी मंद आचेवर काही तास उकळलेल्या. सूप सुरुवातीलाच येतं. त्यातलं मांस आणि गाजर कधी वेगळ्या ताटलीत, सोबत सोया सॉस. त्या मांसाला चव उरलेली नसते, सगळी पाण्यात उतरलेली असते. सॉसमध्ये बुडवून दोन तुकडे खा आणि सोडून द्या.

सिउ मेइ मागताना प्रमाण सांगावं लागतं: पाव, अर्धी, अख्खी, किंवा ‘लइ पाइ’ म्हणजे नेहमीची ताटली. गूजचा खालचा भाग जास्त रसाळ, वरचा कोरडा. पाव घेणार असाल तर खालचा मागा, जास्त पैसे पडले तरी. सोबत आंबटगोड प्लम सॉस येतो. ‘छा सिउ’ मागताना वेटर चरबीचं विचारतो. ‘बुन फेइ सउ’, म्हणजे अर्धी चरबी-अर्धं मांस, असं सांगा. नुसतं मांस मागितलंत तर ते सुकं आणि दोऱ्यासारखं लागेल, आणि दोष दुकानाला जाईल.

‘बाक छित गइ’ या पांढऱ्या कोंबडीवर परकी गिऱ्हाइकं हमखास वाद घालतात. अख्खी कोंबडी उकळीच्या जरा खालच्या पाण्यात शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात. त्यामुळे कातडी आणि मांसाच्या मधे जेलीचा पातळ थर जमतो आणि मांस रेशमासारखं राहतं. ती थंड किंवा कोमटच येते, आले-पातीच्या कांद्याच्या तेलासोबत. हाडाच्या मगजात लालसर रंग दिसतो, तो मुद्दाम राखलेला असतो. मांस पांढरं आणि घट्ट असेल तर ती शिजलेली आहे. मांसच काचेसारखं, बुळबुळीत दिसलं तर मात्र खुशाल परत करा. लहान मुलं किंवा गरोदर बाई सोबत असेल तर हा विषयच नको, सोया सॉसमध्ये शिजवलेली कोंबडी घ्या.

‘वोक हेइ’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल: कढईचा श्वास. तो तपासायला ‘गोन छाउ न्गउ हो’ मागवा, बीफसोबत कोरडे परतलेले रुंद तांदळी नूडल्स. ताटली आली की तळ बघा. तेलाचं तळं साचलेलं नको, नूडल्सचे तुकडे झालेले नकोत, मुगाचे मोड अजून कुरकुरीत हवेत, आणि किंचित धुरकट वास हवा. तो वास दोन-तीन मिनिटंच टिकतो. फोटो काढायचाच असेल तर दुसऱ्या पदार्थाचा काढा.

मातीच्या भांड्यातला भात, ‘बो जइ फान’, थंडीतला पदार्थ. तो कच्च्या तांदळापासून शिजतो, त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बसल्याबसल्या सांगून टाका. आला की झाकण काढायचं, गडद गोडसर सोया भोवताली फिरवून ओतायचा, पुन्हा झाकण ठेवून दोन मिनिटं थांबायचं, मग वरखाली करायचं. तळाची खरपूड सर्वांत शेवटी चमच्याने खरवडायची. घाई करणाऱ्यांच्या वाट्याला ती येत नाही, आणि भांडंही चटका देतं.

मासा: आधी भाव

टाकीतल्या जिवंत माशासमोर ‘सि गा’ लिहिलेलं असतं, म्हणजे बाजारभाव. खानावळीतला सर्वांत मोठा पैशाचा घोळ इथंच होतो आणि बहुतेकदा तो वजनाच्या मापामुळे होतो.

हाँगकाँगमध्ये मासा ‘गन’ आणि ‘लेउंग’मध्ये तोलतात. एक गन सुमारे ६०५ ग्रॅम, त्याचे १६ लेउंग, म्हणजे एक लेउंग साधारण ३८ ग्रॅम. समजा भाव ३० हाँगकाँग डॉलर सांगितला आणि मासा १ गन ४ लेउंग भरला. भाव लेउंगचा असेल तर २० लेउंगचे ६०० डॉलर. तुम्ही तो गनचा समजलात तर मनात साडेसदतीस डॉलर धरून बसाल. म्हणून विचारायचं: भाव लेउंगचा की गनचा, मासा किती भरला, आणि एकूण किती होतील. एकूण आकडा कागदावर लिहून घ्या. मासा जाळीत घेऊन वेटर टेबलापाशी दाखवायला येतो, तोच हे विचारण्याचा क्षण. भटारखान्यात गेल्यावर उशीर झालेला असतो. ग्वांगझौमध्ये माप वेगळं: तिथं गन सरळ ५०० ग्रॅमचा आणि लेउंग दहा. वर हिशेब केलेला मासा तिथं दीड गन भरेल.

चौघांना ६०० ते ७५० ग्रॅमचा मासा पुरतो. मोठा घेऊ नका. तो जाड असतो, वाफ मधोमध पोचेपर्यंत शेपटीकडचा भाग सुकतो. या वजनाचा मासा मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं वाफवतात, वर पातीचा कांदा आणि कोथिंबीर टाकून कडकडीत तेल ओततात, आणि कडेने हलका गोडसर सोया. नीट शिजलेल्या माशाचं मांस कण्याला किंचित धरून राहतं. सहज, एका फटक्यात सुटून आलं तर मिनिटभर जास्त झालंय.

वरची बाजू संपली की मासा उलटायचा नाही. कोळी कुटुंबांत मासा उलटणं म्हणजे होडी उलटणं, आणि हा समज किनाऱ्यावर सगळीकडे पाळतात. शेपटीकडून कणा उचलायचा, डोक्यासकट बाजूला करायचा आणि खालचं मांस घ्यायचं. गालाचा छोटा तुकडा पाहुण्याच्या वाटीत. ताटलीत उरलेला सोया चमच्याने भातावर घ्या. भातात सोया घालण्याची ही एक जागा, बाकी पांढऱ्या भातावर बाटलीतून सोया ओतू नये.

शाकाहारी असाल, किंवा काही वर्ज्य असेल

छोट्या खानावळीत पूर्ण शाकाहारी जेवण अवघड आहे, हे आधीच मान्य करू. ‘फक्त भाजी’ असं सांगितलं तरी तिच्यावर ऑयस्टर सॉस येतो, ती कोंबडीच्या रसात उकळलेली असते किंवा डुकराच्या चरबीत परतलेली. मुळ्याची वाफवलेली वडी, ‘लो बाक गो’, दिसायला निरुपद्रवी. आत सुकी कोळंबी आणि सॉसेज. अंड्याच्या टार्टच्या कवचात चरबी असू शकते.

उपयोगी वाक्य ‘न्गो सिक जाइ’, म्हणजे मी शाकाहारी जेवतो. ‘जाइ’ हा बौद्ध शाकाहार. त्यात मांस-मासळी नाही आणि कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे वाक्य हवंय त्याहून थोडं कडकच पडतं, ते बरं. उच्चार मराठी माणसाला सोपा आहे: ज ‘जाळं’मधला, ‘जेवण’मधला नव्हे. पदार्थातून काही वगळायचं तर आधी ‘जाउ’ लावतात: ‘जाउ होउ याउ’ म्हणजे ऑयस्टर सॉसशिवाय. भाजीसाठी ‘गाइ लान’ किंवा ‘छोइ सम’ नुसती उकडून घ्या. ‘जाइ छेउंग’, म्हणजे आत काही न भरलेल्या तांदळी गुंडाळ्या, तीळ आणि गोड सॉससोबत छान लागतात. नेहमीच शाकाहारी असाल तर सरळ जाइच्या खास उपाहारगृहात जा, तिथं मशरूमपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉस वापरतात.

डुक्कर न खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मेन्यूवर नुसतं ‘युक’, म्हणजे मांस, लिहिलं असेल तर ते डुकराचं. बीफचं नाव वेगळं लिहितात, ‘न्गउ युक’. कोळंबीच्या हा गाउमध्येही रसाळपणासाठी डुकराची चरबी घालतात. हलाल हवं असेल तर हाँगकाँगच्या वान चायमधल्या मशिदीच्या इमारतीतलं उपाहारगृह डिमसमसाठी ठाऊक आहे. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी ती चिनी अक्षरांत फोनवर लिहून दाखवावी; रस, सॉस, वड्या, सगळीकडे ती लपलेली असते.

रीतभात, फार थोडी

टेबलावर प्रत्येकाला दोन रंगांच्या चॉपस्टिक्स दिसल्या तर एक जोडी मधल्या ताटलीतून घ्यायला, दुसरी खायला. कोणती कशासाठी ते यजमानाकडे बघून ठरवा. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नयेत, ती मृतांपुढच्या उदबत्त्यांची खूण. वाटी उचलून तोंडाशी नेणं योग्य. ताटली उचलणं नाही. आपल्या बाजूचा तुकडा घ्या, ढवळून निवडू नका.

वेटरला हाक मारायला ‘म गोइ’ पुरे. ‘म’ ओठ मिटून, हुंकारासारखा. तोच शब्द आभारासाठीही चालतो. भेट मिळाली किंवा कोणी जेवण दिलं तर मात्र ‘दो जे’. वेटर तुसडा वाटेल, ताटली आदळेल, प्रश्नाला अर्ध्या शब्दात उत्तर देईल. तो रागावलेला नसतो, त्याच्याकडे चौदा टेबलं असतात.

बिल आणि उरलेलं

बिलाला ‘माइ दान’. त्यावर तुम्ही न मागितलेल्या दोन गोष्टी दिसतील आणि दोन्ही खऱ्या आहेत: माणशी चहाचे पैसे आणि सुरुवातीला आलेल्या शेंगदाणे-लोणच्याचे पैसे. शेंगदाणे नको असतील तर ठेवताक्षणी ‘म यिउ’ म्हणा, खाल्ल्यावर तक्रार चालत नाही. हाँगकाँगमध्ये टेबलसेवा असलेल्या बऱ्याच जागी वर १० टक्के सेवाशुल्क लागतं. वेगळी टिप लागत नाही, फार तर सुटी नाणी सोडा. रोख ठेवा, छोट्या जागी कार्ड चालेलच असं नाही. ग्वांगझौमध्ये अलीपे किंवा वीचॅट हे पैसे भरायचं ॲप आधीच फोनवर सुरू करून जा.

उरलेलं बांधून न्यायला ‘दा बाउ’ म्हणा, डबे मिळतात. छा सिउ, सोया कोंबडी आणि लो मइ गइ न्या, ते गरम केल्यावर चांगले लागतात. छेउंग फन फ्रिजमध्ये रबरासारखा होतो, मासा वास धरतो. कुरकुरीत कातडीचं डुक्कर डब्यात झाकून ठेवलं की दहा मिनिटांत मऊ पडतं. ते नेणार असाल तर वेगळं, झाकण जरा उघडं ठेवून न्या आणि घरी पोचल्यावर कातडी वर ठेवून गरम ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं घाला. मायक्रोवेव्हमध्ये नाही.